दुष्ट प्रतिरूप, दूरचित्रनाट्यातील

अतिमानुष घटनांवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांमधील एक रूढ कथाप्रकार. मालिकेतील एखाद्या परिचित व बहुधा सज्जन पात्रासारखे हुबेहूब दिसणारे, परंतु वृत्तीने व हेतूने त्याच्या उलट असलेले दुसरे पात्र कथेत अवतरते, पहिल्याची जागा घेते किंवा घेऊ पाहते आणि त्याच्या आप्तेष्टांना खऱ्याखोट्याच्या पेचात टाकते, अशी या प्रकाराची सर्वसाधारण मांडणी असते. दोन्ही भूमिका सामान्यतः एकच नट किंवा नटी करते. प्रतिरूपाच्या उत्पत्तीची कारणे निरनिराळी दिली जातात : ते जुळे भावंड असते, आरशापलीकडच्या वा समांतर विश्वातून आलेले असते, मंत्रप्रयोगाने एकाच व्यक्तीचे झालेले दोन भाग असतात किंवा मूळ देहातच परका जीव शिरलेला असतो. कारण कोणतेही असो, ज्यांचे त्या व्यक्तीवर प्रेम आहे त्यांना ती ओळखता येते की नाही, हाच नाट्याचा गाभा राहतो. त्यामुळे या कथांत कसोटी लागते ती नायकाची नव्हे, तर त्याच्याभोवतीच्या माणसांची.

मराठीतील ‘तोतया’ ही कल्पना याला जवळची असली, तरी ती वेगळी आहे. पानिपतच्या लढाईनंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला व १७७६ मध्ये देहान्ताची शिक्षा झालेला तोतया हा रूपसाम्याचा लाभ उठविणारा परका माणूस होता. भाऊंच्या व्यक्तित्वाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दुष्ट प्रतिरूपाचा मात्र मूळ व्यक्तीवर काही हक्क असतो. ते तिच्याच रक्ताचे, तिच्याच स्मृतींचे किंवा तिने दडपलेल्या इच्छांचे बनलेले असते आणि म्हणून त्याला उघडे पाडल्याने प्रश्न सुटत नाही. नुसत्या रूपपालटाच्या कथा—उदा., हिंदी दूरचित्रवाणीवर २०१५ पासून गाजलेल्या नागिन या मालिकेतील इच्छाधारी नागांच्या—या दृष्टीने तोतयाच्या कथेलाच अधिक जवळच्या आहेत.

पूर्वपीठिका : रूपसाम्यातून उद्‌भवणारा पेच भारतीय पुराणकथांना चांगला परिचित आहे. सूर्याचे तेज असह्य झाल्यामुळे संज्ञा आपल्या जागी आपली छाया ठेवून निघून गेली आणि सूर्याला पुष्कळ काळ ते कळले नाही. छाया स्वतःच्या अपत्यांना झुकते माप देऊ लागली. रागावलेल्या यमाने तिच्यावर पाय उगारला, तेव्हा तिने त्याला शाप दिला. आई पोटच्या मुलाला असा शाप देणार नाही, यावरून ती संज्ञा नव्हे हे सूर्याने ताडले. महाभारतातील नलोपाख्यानात चार देव नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात. दमयंतीने प्रार्थना केल्यावर ते आपली चिन्हे प्रकट करतात : त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातील माळा कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. या कथांचा पाश्चात्त्य मालिकांशी वंशसंबंध नाही. परंतु ओळख पटण्याचे त्यांतील दोन मार्ग, एक वर्तनाचा व दुसरा देहचिन्हांचा, त्या मालिकांतही जसेच्या तसे आढळतात.

या मालिकांची खरी परंपरा यूरोपीय स्वच्छंदतावादी वाङ्‌मयातून येते. ‘डॉपेलगेंगर’ (जोडीने चालणारा) हा जर्मन शब्द झां पाउल (१७६३–१८२५) याने झीबेनकेस (१७९६) या कादंबरीत रूढ केला. स्वतःचेच रूप समोर दिसणे हे मरणाचे पूर्वचिन्ह होय, अशी लोकसमजूत यूरोपात अनेक ठिकाणी होती. ई. टी. ए. होफमान याने द डेव्हिल्स एलिक्सर्स (१८१५-१६, इं. शी.) या कादंबरीत तिला पापवासनेची जोड दिली. एडगर ॲलन पो याच्या ‘विल्यम विल्सन’ (१८३९) या कथेत नायक दुराचारी व त्याचे प्रतिरूप सदसद्विवेकाचे, असा उलटा क्रम आहे. डॉस्टोव्हस्कीच्या द डबल (१८४६, इं. शी.) या लघुकादंबरीतील प्रतिरूप काहीच भयंकर करीत नाही, ते केवळ त्याच कचेरीत, त्याच नावाने कारकून म्हणून रुजू होते आणि मूळ कारकुनापेक्षा अधिक लोकप्रिय ठरते. ही कल्पना कदाचित सर्वांत क्रूर आहे. स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल व मि. हाइड यांच्या कथेने (१८८६) मात्र चांगला व वाईट अशी सोपी विभागणी लोकांच्या मनात पक्की केली व पुढे दूरचित्रवाणीने तीच मुख्यतः उचलली.

चित्रपटात या विषयाचा आरंभ द स्टुडंट ऑफ प्राग (१९१३, इं. शी.) या जर्मन मूकपटापासून मानला जातो. त्यात पाउल व्हेगेनर याने दरिद्री विद्यार्थी व त्याचे आरशातून बाहेर पडलेले प्रतिबिंब अशा दोन्ही भूमिका केल्या. या चित्रपटापासूनच स्फूर्ती घेऊन ओटो रांक (१८८४–१९३९) या मनोविश्लेषकाने १९१४ मध्ये प्रतिरूपावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. मनुष्य प्रथम मृत्यूवरील उपाय म्हणून स्वतःचे दुसरे रूप कल्पितो आणि पुढे तेच रूप मृत्यूचा दूत होऊन परत येते, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रॉइडने १९१९ मध्ये भयचकित करणाऱ्या परिचित वस्तूंविषयी लिहिताना त्याचा आधार घेतला.

मालिकेचे माध्यम : दूरचित्रवाणीने या जुन्या विषयात एक नवी गोष्ट आणली, ती म्हणजे परिचयाची दीर्घता. चित्रपटाचा प्रेक्षक नायकाला दोन तास पाहतो. मालिकेचा प्रेक्षक त्याच्या चालण्याची ढब, बोलताना थांबण्याची सवय, हसण्याची तऱ्हा वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो. त्यामुळे प्रतिरूप दाखविण्यासाठी लेखकाला फारसे काही सांगावे लागत नाही, नटाने एक सवय बदलली की पुरते. प्रेक्षकाला फरक कळतो आणि पडद्यावरील मित्राला, आईला वा प्रियकराला तो कळत नाही. या तफावतीतून निर्माण होणारी तगमग ही या कथाप्रकाराची मुख्य शक्ती होय. दुर्बळ मालिकांत याच्या उलट घडते : दाढी, काळे केस, गडद वस्त्रे अशा ठळक खुणा लावून दिग्दर्शक प्रेक्षकाचे काम स्वतःच करून टाकतो आणि घरातल्या कोणालाही ते कसे दिसत नाही, हे एक कोडेच राहते.

तंत्रदृष्ट्या एकाच नटाला दोनदा दाखविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे कॅमेरा घट्ट बसवून चौकटीचा अर्धा भाग झाकणे, एका बाजूचे चित्रीकरण करून फिल्म मागे गुंडाळणे व मग दुसरी बाजू टिपणे. यात दोन्ही रूपांना मधली अदृश्य रेषा ओलांडता येत नाही, म्हणून ती एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. दुसरी रीत म्हणजे पाठमोरा बदली नट उभा करून त्याच्या खांद्यावरून मूळ नटाचा चेहरा घेणे. संगणकनियंत्रित कॅमेरा व अंकीय संकलन आल्यावर ही बंधने सैल झाली. तथापि समोर कोणी नसताना स्वतःच्याच पुढच्या बोलण्याला उत्तर देण्याचे नटाचे कष्ट मात्र त्यामुळे कमी झालेले नाहीत.

प्रमुख मालिका : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील या विषयाची एक सुबक सुरुवात रॉड सर्लिंग (१९२४–७५) याच्या द ट्वायलाइट झोन (१९५९–६४) या मालिकेतील ‘मिरर इमेज’ (१९६०) या भागात दिसते. रात्रीच्या बस स्थानकावर वाट पाहणाऱ्या एका तरुणीला आपल्यासारखीच दुसरी स्त्री दिसते. सर्व कर्मचारी तिला सांगतात की, तुम्ही हे आधीच विचारले होते. भला वाटणारा एक प्रवासी तिला वेडी समजून पोलिसांच्या स्वाधीन करतो आणि थोड्याच वेळात स्वतःच्याच रूपामागे धावत सुटतो. प्रतिरूप येथे काहीही दुष्कृत्य करीत नाही. तरुणीवर कोणी विश्वास ठेवीत नाही, एवढीच तिची आपत्ती.

स्टार ट्रेक (१९६६–६९) ही वस्तुतः वैज्ञानिक कल्पनारम्य मालिका. पण अतिमानुष मालिकांवर तिचा ठसा मोठा आहे. रिचर्ड मॅथेसन (१९२६–२०१३) याने लिहिलेल्या ‘द एनिमी विदिन’ (१९६६) या भागात यंत्रातील बिघाडामुळे कप्तान कर्कची दोन माणसे होतात, एक हिंस्र व एक सौम्य. हिंस्र रूप जहाजावर धुमाकूळ घालते, हे अपेक्षितच होते. परंतु सौम्य कर्कची निर्णयशक्ती हळूहळू ओसरत जाते आणि आज्ञा देण्याचे बळ आपल्या दुष्ट अंशातूनच येत होते, हे त्याला मान्य करावे लागते. पुढे या कथाप्रकारात जे काही गंभीर लिहिले गेले, त्याचे बीज येथे आहे. ‘मिरर, मिरर’ (१९६७) या भागातील समांतर विश्वामुळे स्पॉकची दाढी दुष्ट प्रतिरूपाची सर्वज्ञात खूण होऊन बसली. वास्तविक त्या विश्वातील स्पॉक हाच तेथला सर्वांत विवेकी माणूस आहे, ही गोष्ट त्या खुणेचे अनुकरण करणारे विसरले.

दैनंदिन मालिकांत डार्क शॅडोज (१९६६–७१) हिचे स्थान वेगळे आहे. डॅन कर्टिस (१९२७–२००६) याने निर्मिलेल्या या मालिकेचे १,२२५ भाग झाले. बार्नबस कॉलिन्स हे रक्तपिपासू पिशाच्च मॅगी नावाच्या तरुणीला आपल्या गतकाळच्या प्रेयसीचे, जोझेटचे, रूप घेण्यास भाग पाडते. पुढे कथा १७९५ मध्ये गेल्यावर जोझेटची भूमिकाही त्याच नटीने केली. मोजक्या नटसंचाला वेगवेगळ्या शतकांत व समांतर काळात फिरवण्याच्या गरजेतून येथे प्रतिरूपांची एक मोठी वसाहतच उभी राहिली. समांतर काळाच्या कथानकात (१९७०) लारा पार्कर हिने मृत अँजेलिक व तिची जुळी बहीण ॲलेक्सिस अशा भूमिका केल्या. थडग्यातून उठलेली अँजेलिक बहिणीचा जीव घेऊन तिच्याच नावाने घरात वावरू लागते. चित्रण जवळजवळ सलग व घाईने होत असल्यामुळे पडद्यावर चुका दिसत, पण प्रेक्षकांनी त्या खपवून घेतल्या.

याच दशकातील बिविच्ड (१९६४–७२) व आय ड्रीम ऑफ जीनी (१९६५–७०) या विनोदी मालिकांत सोनेरी केसांच्या सोज्ज्वळ नायिकेला काळ्या केसांची उच्छृंखल नातलग दिलेली आहे. एका मालिकेत ती चुलत बहीण असून दुसरीत सख्खी. दोन्ही रूपे अनुक्रमे एलिझाबेथ माँटगोमेरी व बार्बरा ईडन यांनीच केली. गृहिणीला जे करण्याची मुभा नव्हती ते तिच्या प्रतिरूपाने करावे, अशी ही सोय होती. दुष्टपणाला काळे केस देण्याची ही सवय पुढेही सुटली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

डेव्हिड लिंच (१९४६–२०२५) व मार्क फ्रॉस्ट यांच्या ट्विन पीक्स (१९९०-९१) या मालिकेने प्रतिरूपाला पुन्हा भयाचे स्थान मिळवून दिले. कूपर हा सरकारी गुप्तहेर एका मुलीच्या खुनाच्या तपासासाठी लहानशा गावी येतो. कॉफीवर प्रेम करणारा, सर्वांशी अदबीने वागणारा हा माणूस दूरचित्रवाणीवरील अत्यंत लोभस नायकांपैकी एक होय. दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात तो लाल पडद्यांच्या अतींद्रिय स्थानात जातो. तेथे त्याचेच रूप त्याचा पाठलाग करते आणि बाहेर येते ते प्रतिरूप. सकाळी ते आरशावर डोके आपटते, आरशात दुष्टात्म्याचे प्रतिबिंब दिसते आणि मालिका संपते. मालिका बंद झाल्यामुळे सज्जन कूपर तेथे अडकलेलाच राहिला. १९९२ च्या पूर्वकथेच्या चित्रपटातही याचा केवळ उल्लेख येतो. नायक हरला व कोणाला कळलेही नाही, या स्थितीत प्रेक्षकांना २६ वर्षे राहावे लागले. इतर कोणत्याही मालिकेने असा ताण दिलेला नाही.

बफी द व्हँपायर स्लेअर (१९९७–२००३) या मालिकेत हा प्रकार विनोदाच्या अंगाने येऊनही अधिक खोल गेला. ‘द विश’ (१९९८) या भागात बफी त्या गावी कधी आलीच नसती तर काय झाले असते, याचे चित्र आहे. त्या विश्वात विलो ही लाजाळू, अभ्यासू मुलगी निर्दय पिशाच्च झालेली असते. ‘डॉपेलगँगलँड’ (१९९९) या भागात हे पिशाच्च मूळ विश्वात येते. मित्रांना वाटते की, आपली विलो मारली जाऊन पिशाच्च झाली. ते शोक करीत असतानाच खरी विलो दारातून आत येते आणि क्षणभर कोणालाच काही सुचत नाही. अलिसन हॅनिगन हिने दोन्ही भूमिका केल्या असून खऱ्या विलोला पिशाच्चाचे सोंग आणावे लागते, त्या प्रसंगात तिचे कौशल्य विशेष दिसते. पिशाच्चाचा मूळ माणसाच्या स्वभावाशी संबंध नसतो, असे बफी तिला धीर देण्यासाठी सांगते. स्वतः पिशाच्च असलेला एंजल त्यावर काही बोलू लागतो, पण विषय सोडून देतो. प्रतिरूपात विलोला स्वतःविषयी जे अस्पष्टपणे जाणवले, त्यातले बरेच पुढील पर्वांत खरे ठरले : तिचे एका तरुणीवर प्रेम जडले आणि २००२ मध्ये त्याच प्रेमाच्या शोकातून ती विनाशाच्या काठावर पोहोचली. विलोच्या आग्रहावरून पिशाच्चाला ठार न मारता परत धाडले जाते. तेथे पोहोचताच ते मारले जाते. याच मालिकेतील ‘द रिप्लेसमेंट’ (२०००) या भागात झँडर आपली जागा घेणाऱ्या कर्तबगार प्रतिरूपाला राक्षस समजून त्याच्यामागे लागतो. शेवटी दोघेही तोच आहे, असे निष्पन्न होते. काही दृश्यांसाठी नटाचा खरा जुळा भाऊ घेतला होता.

द व्हँपायर डायरीज (२००९–१७) ही या कथाप्रकारावर समग्र रचना उभी करणारी मालिका होय. एल. जे. स्मिथ हिच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेत एलीना ही अनाथ तरुणी व कॅथरीन ही शतकांपूर्वीची पिशाच्चिणी या एकाच चेहऱ्याच्या आहेत. दोन्ही भूमिका नीना डोब्रेव्ह हिने केल्या. सरळ केसांची ती एलीना व कुरळ्या केसांची ती कॅथरीन, ही खूण प्रेक्षकांसाठी असली, तरी खरा फरक नजरेत व बोलण्याच्या गतीत ठेवलेला आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस (२०१०) डेमन एलीना समजून कॅथरीनला आपले मन सांगतो. हा प्रसंग प्रेक्षकालाही आधी कळू न देता योजलेला असल्यामुळे परिणामकारक झाला आहे. कॅथरीनला निव्वळ दुष्ट म्हणता येत नाही. तिचे मूल जन्मतःच दूर केले गेले. तिचे रक्त एका शापमुक्तीच्या विधीला हवे होते, म्हणून ती जीव वाचविण्यासाठी पिशाच्च झाली आणि त्याचा सूड म्हणून तिचे सारे कुटुंब मारले गेले. एलीना तिच्याच वंशातील असल्यामुळे दोघींचे भवितव्यही एकच ठरलेले असते. पुढे मालिकेने प्रतिरूपांचा उगम २,००० वर्षांपूर्वीच्या अमरत्वाच्या प्रयोगात दाखविला : अमर झालेल्यांची मर्त्य रूपे निसर्गाने तोल राखण्यासाठी निर्माण केली. हा खुलासा कल्पक असला, तरी त्यानंतर प्रतिरूपांची संख्या वाढून त्यांचे गूढ ओसरले. पाचव्या पर्वात (२०१३-१४) मरणोन्मुख कॅथरीन एलीनाच्या देहात शिरते व काही भागांपर्यंत तिच्या जिवलगांना पत्ता लागत नाही. एलीनाच्या नावाने ती डेमनशी संबंध तोडते आणि तोही ते खरे मानतो. आपल्या प्रियजनांच्या डोळ्यांदेखत कोणीतरी आपले आयुष्य जगत राहावे, या जुन्या भयाला येथे पुन्हा धार आली.

२०१७ मध्ये ट्विन पीक्सचे १८ भागांचे नवे पर्व प्रसारित झाले. मधल्या काळात कूपरचे प्रतिरूप गुन्हेगार होऊन फिरत होते. कूपरच्या चेहऱ्यावरील विश्वासामुळेच त्याच्या जवळच्या स्त्रियांचा घात झाला. वरिष्ठ अधिकारी कोल त्याला तुरुंगात भेटतो, तेव्हा त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण काय ते सांगता येत नाही. पुढे बोटाचा ठसा उलटा असल्याचे आढळते. खरा कूपर परततो तो डगी जोन्स या तिसऱ्या, कृत्रिमरीत्या घडविलेल्या रूपाच्या जागी, आणि जवळजवळ मूक व स्मृतिहीन अवस्थेत. डगीची पत्नी व मुलगा त्याला आपलाच समजून सांभाळतात. मूळ डगीपेक्षा तोच त्यांना बरा वाटतो. कायल मॅक्लॅक्लन याने ही तिन्ही रूपे उभी केली. प्रतिरूपाचा अंत झाल्यावर कूपर त्या कुटुंबासाठी स्वतःचे आणखी एक रूप घडवून घेतो. ते लास व्हेगास येथील घराचे लाल दार ठोठावते, आई व मुलगा त्याला मिठी मारतात आणि ते त्यांच्यासह घरात राहते.